दात बघा, पण हात जपा



‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ अशी आपली जुनी म्हण आहे. खरे पाहिले तर विकतच्या गाईलाही वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तिथे नुसती कडक हिरडी असते. खाली आठ दात. गाय जिभेने गवताला वेढा घालते, खालचे दात त्या हिरडीवर दाबते आणि हिसका देऊन गवत तोडते. म्हणून पुढून गाय फारशी चावत नाही.

तिची ताकद मागे, दाढांत आहे. अडकित्त्यात सुपारी टोकाशी धरली तर निसटते, खिळ्याजवळ धरली की कटकन फुटते. जबड्याचेही तसेच. बिजागरीजवळच्या दाढांवर जोर सर्वांत जास्त येतो. गाईबैलांचा खालचा जबडा आडवा, जात्यासारखा फिरतो. तिथे कडबा दळला जातो आणि बोट सापडले तर तेही चेचले जाते.

कुत्र्याचा जबडा आडवा फिरत नाही, कात्रीसारखा वर-खाली मिटतो. टिपेश्वरच्या जंगलातल्या वाघाचेही तेच. आपल्या कानशिलावर बोटे ठेवून दात आवळा, स्नायू फुगलेला लागेल. तोच स्नायू कुत्र्यात फार जाड असतो. त्याचे सुळे खोल रुततात, वर मात्र लहानसे भोक दिसते. त्या भोकातून लाळ आत जाते, म्हणून ‘जरासेच लागले’ म्हणून सोडू नका.

आता आर्णीकडच्या बाजारातली गोष्ट. बैल घेताना खालचा ओठ बाजूला केला की पुरते, हात आत घालण्याचे कारण नाही. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास मधले दोन रुंद पक्के दात येतात. तीनच्या सुमारास चार, साडेतीनच्या सुमारास सहा आणि चार-साडेचार वर्षांत आठही येतात. त्याला आपण जुळलेला म्हणतो. पुढे दातांची झीज बघून अंदाज करावा लागतो. दात घासून गुळगुळीत झालेला आणि फटी पडलेला बैल कडबा नीट चावू शकत नाही. त्याला कुट्टी, कुटार आणि भिजवलेली ढेप द्यावी.

पण एका वेळी तोंडाला हात लावूच नये. माझ्या नोकरीतला प्रसंग सांगतो. एका शेतकऱ्याची गाय लाळ गाळत होती, पाणी गिळत नव्हती, वेगळ्याच आवाजात हंबरत होती. घशात काही अडकले असे समजून त्यांनी हात घातला. हाताला पऱ्हाटीचा ताजा ओरखडा होता. चौकशी केली तेव्हा घरच्या माउलीने सांगितले, ‘दीड महिन्यामागं कुत्रं चावलं होतं जी तिले.’ चौथ्या दिवशी गाय गेली. शेतकरी त्याच दिवशी दवाखान्यात गेले, सगळ्या सुया वेळेवर घेतल्या, आणि वाचले.

पिसाळलेल्या कुत्र्याचा जबडाही पुष्कळदा लुळा पडून लोंबतो. लोक म्हणतात, हाड अडकले. ज्या जबड्यात जोर उरला नाही, त्याची लाळ मात्र तेवढीच घातक असते.

तेव्हा एवढे लक्षात ठेवा. जनावर लाळ गाळू लागले, गिळेना, मागचे पाय लटपटू लागले, तर त्याला वेगळे बांधा, मुलांना दूर ठेवा, दूध वापरू नका आणि पशुवैद्यकांना बोलवा. कुत्रा चावला किंवा जखमेला अशी लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. मिरची, चुना, हळद लावू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. लूई पाश्चर यांनी 1885 साली पहिल्यांदा एका मुलाला ही लस दिली. आज ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांपैकी एकही चुकवू नका, कारण रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. कुत्रा चावलेल्या जनावरालाही त्याच दिवसापासून लस टोचून घ्या.

बैल पुन्हा घेता येईल, घरचा माणूस नाही.