गच्चीवरचे विमान आणि ब्रह्मपुरीचे ऊन

यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे ऑगस्ट २०२१ मध्ये एका तरुण कारागिराने स्वतः बनवलेले हेलिकॉप्टर सुरू करून पाहिले. चाचणी चालू असतानाच मागच्या पंख्याचे पाते तुटले आणि डोक्याला मार लागून त्याचा जीव गेला. कौतुक झाले, हळहळही झाली. अशी चाचणी कशी घ्यायची असते, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

हौशी विमानबांधणी म्हणजे वेडेपणा नव्हे. अमेरिकी वैमानिक टॉम कॅसट यांनी १९५४ मध्ये शर्यतीसाठी छोटे विमान बांधले आणि पुढे त्याचे आराखडे विकले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख आणि एकच आसन. ते आराखडे घेऊन अनेकांनी घरच्या शेडमध्ये विमाने उभी केली. या गटाच्या शर्यतींत इंजिन साधारण १०० अश्वशक्तीचे असते आणि पंखांचे क्षेत्रफळ किमान ६६ चौरस फूट, म्हणजे आठ बाय आठच्या खोलीएवढे, असावे लागते. पंख इतका आखूड असला की जमीन सोडायला वेग जास्त लागतो.

आपल्याकडची खरी मेख इथेच आहे. विमानाच्या कामगिरीचे आकडे सहसा समुद्रसपाटीवरील १५ अंशांच्या हवेसाठी मांडलेले असतात. ब्रह्मपुरी समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या आसपास आहे, आणि मे महिन्यात तिथला पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा दुपारी हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी घटते. विमानाच्या दृष्टीने ब्रह्मपुरी तेव्हा जवळपास महाबळेश्वराच्या उंचीवर असते, थंडावा सोडून! विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही उतरते. साध्या हिशेबाने धावपट्टी तीस टक्के जास्त लागते. कागदावर पुरेशी वाटलेली पट्टी प्रत्यक्षात संपून जाऊ शकते. काचतंतू आणि राळेपासून बांधलेल्या विमानांना पांढरा रंग देतात तो शोभेसाठी नव्हे. गडद रंग उन्हात तापला की राळ मऊ पडते. आत बंद काचेखाली बसलेल्या वैमानिकालाही उष्माघाताचा धोका असतोच.

म्हणून चाचणी पहाटे, मोकळ्या जागी आणि टप्प्याटप्प्याने व्हायला हवी. पंख्याच्या फेऱ्याच्या रेषेत कोणीही उभे असता कामा नये. अमेरिकेत घरगुती विमानाला प्रवासी बसवण्याआधी वस्तीपासून दूर साधारण २५ ते ४० तास उडवून पाहावे लागते.

मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांना नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, तर उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये. ही दिरंगाई टीकेला पात्रच आहे. मात्र गावातल्या कारागिराला त्या कार्यालयाचे दारही ठाऊक नसते. जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनात पात्याचा तोल आणि वेल्डिंगचा जोड तपासून देणारे कोणी असते, तर फुलसावंगीचे ते पाते फिरण्याआधीच कोणाच्या तरी नजरेखालून गेले असते.