पोर्टा केबिनच्या भिंतीत काय भरलंय?

मा. संचालक,
महाराष्ट्र अग्निशमन सेवा,


मेट्रो, उड्डाणपूल, मोठी गृहसंकुलं, काम कुठलंही असो, साइटवर पोर्टा केबिन असतेच. दिवसा ती ऑफिस असते, पण बऱ्याच ठिकाणी रात्री तिथं माणसं झोपतात. मी स्थापत्य अभियंता आहे. या केबिनच्या भिंतींविषयी आपल्याला जाहीरपणे लिहितो आहे.

भिंत पत्र्याची दिसते, म्हणून ती पेटणार नाही असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात पत्र्याच्या दोन पातळ थरांमध्ये पफ नावाचा फोम नाहीतर थर्माकोल भरलेला असतो. आतून कुठं प्लायवूड, कुठं पीव्हीसी पॅनेल. एका साइटवर एसीसाठी ग्राइंडरनं कापलेलं असं पॅनेल मी जवळून पाहिलं. कापलेल्या कडेचा पिवळट फोम उघडाच होता आणि एसीची वायर पाइप न घालता त्याच फोमातून आत ओढली होती. जोडाला नुसती चिकटपट्टी. खाली दुमजली खाट, उशाशी एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर लावलेले मोबाइल. दार एकच, आणि खिडकीला पक्की जाळी. हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. तो पेटला की कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सुटतो. झोपलेला माणूस ज्वाळा पोहोचण्याआधीच धुरानं बेशुद्ध होतो.

८ फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे रिओ दि जानेरोत फ्लामेंगो क्लबच्या प्रशिक्षण केंद्रात हेच घडलं. कंटेनर जोडून केलेल्या वसतिगृहात एसीपासून आग लागली आणि १४ ते १६ वर्षांचे १० फुटबॉलपटू गेले. महापालिकेच्या नोंदीत ती जागा वाहनतळ होती. त्याआधी ३० जून १९९९ रोजी दक्षिण कोरियात ह्वासाँगजवळ कंटेनर रचून उभारलेल्या शिबिरात २३ जण मेले. त्यातली १९ बालवाडीतली मुलं होती.

कारखान्यात बनून ट्रेलरवरून येणाऱ्या घरांना नियम लावता येत नाहीत, ही सबब टिकणारी नाही. अमेरिकेत अशा घरांसाठी १५ जून १९७६ पासून देशभर एकच संहिता आहे. आतल्या भिंती आणि छताच्या पृष्ठभागावर ज्वाळा किती पसरते, याला त्यात मर्यादा आहे. मोजपट्टी अशी: ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पत्रा शून्य, रेड ओकचं लाकूड १००. भिंतींना इतरत्र २०० पर्यंत चालतं. शेगडीजवळच्या भिंतीला मात्र ५०, आणि भट्टी किंवा वॉटर हीटरच्या कप्प्याला फक्त २५. फोमसाठी वेगळं कलम आहे, कारण वरचा थर चाचणीत पास झाला तरी आतला गाभा धोक्याचा असू शकतो. शिवाय प्रत्येक झोपायच्या खोलीला बाहेर पडता येईल अशी खिडकी आणि घरात धुराचा अलार्म सक्तीचा. २०० ही मर्यादा मला स्वतःला सैलच वाटते, पण निदान आकडा तरी आहे.

आपल्याकडे २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं ‘प्रपत्र ब’ द्यावं लागतं. पण त्यात दाखला असतो तो बसवलेल्या यंत्रणेचा. जिथं काही बसवलंच नाही, त्या केबिनचा उल्लेख तिथं येणार कुठून? बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्यात तात्पुरत्या निवाऱ्याबरोबर स्वयंपाकाची वेगळी जागा मालकानं द्यावी असं स्पष्ट म्हटलं होतं, तरी खाटेखाली सिलिंडर सापडतोच.

म्हणून मागणी एवढीच, की रात्री माणसं झोपतात त्या प्रत्येक केबिनला निवासी जागा माना. पॅनेलच्या गाभ्यासकट चाचणी अहवाल पुरवठादाराकडून घ्या आणि गाभा कशाचा आहे हे दारावरच्या पाटीवर लिहायला लावा. न जळणाऱ्या रॉकवूलची पॅनेल बाजारात मिळतात. महाग आहेत, पण प्रकल्पाच्या एकूण खर्चात ती रक्कम किरकोळ आहे. दुसरी वाट, आतून उघडणारी खिडकी आणि धुराचा अलार्म यांना तर फारसा खर्चही येत नाही. सुरुवात सरकारी कामांपासून करा. निविदेत ही अट घालायला नवा कायदा लागत नाही. आपल्या कार्यालयानं मसुदा केला, तर त्यातल्या तांत्रिक भागासाठी मी आणि माझे काही सहकारी विनामोबदला वेळ द्यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक स्थापत्य अभियंता