विहिरी गेल्या समुद्रात!

मुलांनो, मागच्या एप्रिलमध्ये आमच्या सातवीच्या वर्गाने गावातल्या सगळ्या विहिरी आणि हातपंप मोजले. गाव पालघर जिल्ह्यातलं, पाडे सहा. ज्या पाड्यावर जो राहतो, त्याने तिथलं पाणी पाहायचं. विहिरीजवळ उभं राहायचं, घरातल्या मोठ्यांच्या मोबाइलवर अक्षांश-रेखांश बघून वहीत लिहायचे, आणि पुढे एक रकाना : ‘पाणी कोणत्या महिन्यापर्यंत?’ एकूण चौतीस जागा झाल्या. १ मेच्या ग्रामसभेत टँकर कुठे उभा करायचा यावर बोलणं होणार होतं. त्या दिवशी भिंतीवर लावायला नकाशा द्यायचा, असं वर्गात ठरलं.

सहावा पाडा सगळ्यांत लांब. तिथली एक मुलगी रोज अडीच किलोमीटर चालत शाळेत येते. तिने आपल्या विहिरीपुढे एकच शब्द लिहिला होता, ‘मार्च’. हा शब्द लक्षात ठेवा बरं का.

नकाशासाठी आम्ही क्यूजीआयएस नावाची प्रणाली घेतली. अमेरिकेतल्या अलास्कात राहणाऱ्या गॅरी शर्मन यांनी २००२ साली ती लिहायला सुरुवात केली. पुढे जगभरातल्या माणसांनी तिच्यात भर घातली. ती मुक्त आहे. मुक्त म्हणजे नुसती फुकट नव्हे! तिचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा, प्रत काढून मित्राला द्यावी, अशी तिला परवानगीच आहे. आमच्यासारख्या शाळेला आणखी काय हवं?

हवं होतं ते एवढंच, की ती सुरू व्हावी. ती होईना!

चिन्हावर दोनदा टिचकी मारली की स्वागताचं चित्र यायचं, दोन-चार ओळी सरकायच्या आणि सगळं गायब. आता एक सांगून ठेवते. पहिल्यांदा सुरू करताना ही प्रणाली बराच वेळ घेते, तेव्हा घाईने पुन्हा पुन्हा टिचक्या मारू नका. संगणक जुना असेल तर तो ६४-बिटचा आहे ना, तेही आधी पाहा. नव्या आवृत्त्या ३२-बिटच्या संगणकावर चालत नाहीत. पण आमच्याकडे तसं काही नव्हतं. परवापर्यंत ती छान चालली होती.

मग तुमच्या बाईंनी काय केलं? काढून टाकली आणि पुन्हा बसवली. फाइल मोठी, आमचं इंटरनेट कासवाचं, संध्याकाळ गेली. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली, पुन्हा बसवली. पुन्हा तेच! तिसऱ्यांदा हात शिवशिवत होते, तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, “बाई, परवा चालत होती ना? मग परवानंतर आपण काय केलं?”

अगदी साधा प्रश्न, पण मला दोन दिवस सुचला नव्हता. परवा मी एक प्लगइन बसवलं होतं. प्लगइन म्हणजे मूळ प्रणालीला लावायचा जोड-तुकडा. तो कुणीही लिहितो, आणि प्रत्येक तुकडा प्रत्येक आवृत्तीशी जुळतोच असं नाही. पण मग सगळं काढून पुन्हा बसवल्यावर तो गेला कसा नाही? इथेच गंमत आहे. तुमच्या आवडीनिवडी, खिडक्यांची मांडणी, प्लगइन हे सगळं क्यूजीआयएस एका वेगळ्या फोल्डरात ठेवते. त्याला प्रोफाइल म्हणतात. प्रणाली काढली तरी तो फोल्डर जागच्या जागी राहतो. घर पाडून नवं बांधलं, पण ढेकणांची जुनी ट्रंक पुन्हा आत आणून ठेवली, तर झोप कशी लागणार?

उपाय पाच मिनिटांचा निघाला. मात्र तो मोठ्यांना शेजारी बसवूनच करा. आधी प्रणाली पूर्ण बंद करायची. विंडोजमध्ये फोल्डरच्या वरच्या पट्टीत इंग्रजीत ‘%ॲपडेटा%’ लिहून एंटर दाबायचं. तिथे ‘क्यूजीआयएस’, त्यात ‘क्यूजीआयएस३’, त्यात ‘प्रोफाइल्स’, आणि त्यात ‘डिफॉल्ट’ नावाचा फोल्डर असतो. तो पुसायचा नाही, फक्त नाव बदलायचं : ‘डिफॉल्ट-जुना’. आता प्रणाली सुरू केली की ती स्वतःच कोरा प्रोफाइल तयार करते. आमची सुरू झाली! वर्गाने एवढा आरडाओरडा केला की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. (पालकांनो, मुलांचे नकाशे आणि याद्या प्रोफाइलमध्ये ठेवू नका. त्या वेगळ्या फोल्डरात आणि एका पेनड्राइव्हवर असू द्या. आमची यादी तशी होती म्हणून मला झोप लागली.)

आता यादी आत घ्यायची. तक्ता ‘सीएसव्ही’ म्हणून साठवला. मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसल्या, तर साठवताना आणि आत घेतानाही ‘यूटीएफ-८’ निवडायचं, की अक्षरं सरळ दिसतात. अक्षांश-रेखांशाचे आकडे मात्र इंग्रजी अंकांतच लिहा. पुढे ‘ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’ नावाची खिडकी येते. ती विचारते : एक्सचा रकाना कोणता? वायचा कोणता? आम्ही पहिला रकाना एक्सला दिला, दुसरा वायला, आणि ‘ॲड’ दाबलं.

गाव रिकामं! एकही ठिपका नाही.

अशा वेळी घाबरायचं नाही. डावीकडच्या यादीत थराच्या नावावर उजवी टिचकी मारायची आणि ‘झूम टू लेयर’ म्हणायचं. ठिपके जिथे असतील तिथे प्रणाली आपल्याला घेऊन जाते. आम्ही गेलो, आणि कुठे पोचलो असू? नॉर्वेच्याही उत्तरेला, आर्क्टिकच्या थंडगार समुद्रात! वर बेअर बेट, खाली नॉर्वेचं ट्रोम्सो शहर, आणि मधे आमचे हातपंप. मुलं हसून हसून लोळायची बाकी राहिली.

असं का झालं? आपल्या जिभेला सवय आहे ‘अक्षांश-रेखांश’ म्हणायची. आधी अक्षांश, मग रेखांश. वहीतले रकानेही त्याच क्रमाने. पण आलेखाच्या कागदावर एक्स आडवा असतो ना? आडवं, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर सांगतो रेखांश. म्हणून एक्सला रेखांश द्यायचा आणि वायला अक्षांश. आमचं गाव साधारण १९.६९ अक्षांश आणि ७३.१९ रेखांशावर आहे. उलटं केल्यावर ते ७३ अंश उत्तरेला गेलं! रकान्यांची नावं इंग्रजीत ‘लॅट’ आणि ‘लॉन’ असती, तर प्रणालीने स्वतःच ओळखलं असतं. आमची मराठी नावं तिला कळली नाहीत, आणि तिने मुकाट्याने आम्ही सांगितलेलं ऐकलं.

रकाने बदलले, ठिपके गावात आले. मुलं आपापला पाडा शोधू लागली. तेवढ्यात ती मुलगी हळूच म्हणाली, “बाई, आमचा पाडा नाहीच का ह्यात?”

खरंच नव्हता. पाच पाडे होते, सहावा नव्हता. कुणीतरी म्हणालं, तिने चुकीचे आकडे लिहिले असतील. तिचा चेहरा एवढासा झाला. पुन्हा ‘झूम टू लेयर’. तिच्या पाड्याच्या चारही जागा सापडल्या, पण थेट ठाणे जिल्ह्यात, भिवंडीच्या बाजूला! तिची वही मागवली. वहीत लिहिलं होतं : १९ अंश ४१ मिनिटं ३० सेकंद, ७३ अंश ११ मिनिटं २४ सेकंद. तिच्या काकांच्या मोबाइलवर तसंच दिसत होतं, तिने तसंच उतरवलं होतं. तक्त्यात भरताना मी त्याचं १९.४१३० आणि ७३.११२४ केलं होतं. म्हणजे चूक माझी!

अंशात साठ मिनिटं असतात, मिनिटात साठ सेकंद. तेव्हा ४१ ला ६० ने भागा, ०.६८३३. ३० ला ३६०० ने भागा, ०.००८३. बेरीज करून १९.६९१७. मी लिहिलेल्या आकड्यात आणि ह्यात जेमतेम पाव अंशाचा फरक दिसतो, पण जमिनीवर तो जवळपास ३१ किलोमीटर होतो. तशी चूक यादीत शोधायची एक युक्तीही मुलांना सापडली. मिनिटं आणि सेकंद कधी ५९ च्या पुढे जात नाहीत. एखाद्याच्या सगळ्या आकड्यांत टिंबानंतरच्या दोन्ही जोड्या ६० च्या आतच असतील, तर त्याची मूळ वही पाहायची. मी तिची आणि वर्गाची माफी मागितली. तिने चारही जागांची गणितं स्वतः फळ्यावर केली. तिचा पाडा परत जागेवर आला, तेव्हा तिने पडद्याला बोट लावून पाहिलं.

शेवटची भानगड हद्दीची. गावाची सीमा एका ओळखीच्यांनी मोबाइलवर पाठवली, पण एकच ‘एसएचपी’ फाइल. ही फाइल एकटी राहू शकत नाही. तिची भावंडं आहेत : ‘एसएचएक्स’, ‘डीबीएफ’ आणि ‘पीआरजे’. नाव एकच, आडनावं वेगळी. एकत्र बांधून, म्हणजे झिप करून, मागवा. त्यातली ‘पीआरजे’ आकडे कोणत्या मापात आहेत ते सांगते. ती नसली, तर थरापुढे प्रश्नचिन्ह दिसतं.

सगळी भावंडं आली तेव्हा कळलं, की सीमेचे आकडे अंशांत नाहीत, मीटरमध्ये आहेत. त्या मापाचं नाव ‘यूटीएम ४३ उत्तर’. मला वाटलं, विहिरींनाही तेच नाव द्यावं. दिलं. आणि विहिरी पुन्हा समुद्रात! ह्या वेळी विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला. प्रणालीने ७३ अंशांना ७३ मीटर समजलं होतं. तीन किलोमीटर पसरलेलं आमचं गाव तीन सेंटिमीटरांत मावलं, पोस्टाच्या तिकिटाएवढं! नाव बदललं म्हणून आकडे बदलत नाहीत. साखरेच्या डब्यावर मीठ लिहिलं तर चहा खारट होतो का? विहिरींना त्यांचं खरं नाव, ‘डब्ल्यूजीएस ८४’, परत दिलं. दोन्ही थरांवरची नावं खरी झाली, की त्यांना एकत्र जुळवून दाखवायचं काम प्रणाली आपणहून करते.

१ मेला नकाशा भिंतीवर लागला. मार्चमध्ये आटणारी पाण्याची जागा लाल, एप्रिलमध्ये आटणारी नारिंगी, बाकी निळ्या. लाल ठिपके सर्वांत जास्त सहाव्या पाड्यावर. सरपंचबाई बराच वेळ तिथेच उभ्या होत्या. एक आजी म्हणाल्या, “आमच्या आंब्याखालची विहीर कुठाय?” ती ढासळलेली, म्हणून मुलांनी मोजलीच नव्हती. जून लागला की आम्ही ती मोजायला जाणार आहोत. टँकर त्या वर्षी सहाव्या पाड्यावर एक दिवसाआड गेला.

आता तुमच्यासाठी काम. संगणक नसला तरी चालेल. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घ्या, उलटे करा आणि शाळेच्या ॲटलासमध्ये शोधा, तुमचं गाव कोणत्या समुद्रात, कोणत्या बेटाजवळ पडतं. नागपूरची मुलं कुठे पोचतात आणि कोल्हापूरची कुठे, ते मला पोस्टकार्डावर कळवा.