धबधब्याची सहल आणि गावचा वाटाड्या

जुलै महिन्यात वर्तमानपत्र उघडले की दोन बातम्या हमखास शेजारी शेजारी सापडतात. एका बातमीत धबधब्याचे सुंदर छायाचित्र असते आणि त्याखाली ‘पर्यटकांची गर्दी’ असे लिहिलेले असते. दुसरीत कोणीतरी पाण्यात वाहून गेल्याची माहिती असते. कधी कधी दोन्ही बातम्या एकाच ठिकाणच्या असतात. मग चार दिवस चर्चा होते. जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात, पोलीस रस्त्यावर उभे राहतात, आणि पुढच्या रविवारी गाड्या दुसऱ्या धबधब्याकडे वळतात.

विद्यार्थी मित्रांनो, या मनाईविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे. माझे मत असे आहे की, धबधब्यांना कुलूप लावू नये. परंतु धबधब्यावर जाणाऱ्या प्रत्येक खाजगी सहलीबरोबर त्या गावचा एक माणूस असलाच पाहिजे, आणि पाण्यात उतरायचे की नाही, हे त्याने ठरवले पाहिजे.

कुलूप का नको, ते आधी सांगतो. ज्यांच्याजवळ पैसा आहे ते लोक सुट्टीत दूरदूरच्या गावी जातात, हॉटेलात राहतात, तेथील स्वच्छ तलावात पोहतात. पण भिवंडी, मुंब्रा, मालेगाव अशा ठिकाणच्या किती तरी कुटुंबांची वर्षातली सहल एकच असते. चार घरे मिळून वर्गणी काढतात, एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतात. पहाटे बिर्याणीची देग चढते. अम्मी, खाला, चाचा, लहान मुले, म्हातारी दादी सगळेच निघतात आणि रात्री परत येतात. धबधब्याला तिकीट नसते. दोन खोल्यांच्या घरात वर्ष काढणाऱ्या माणसाला एक दिवस हिरवे डोंगर आणि मोकळे पाणी मिळते. हा दिवस त्याच्याकडून काढून घेणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही.

मात्र शाळेच्या सहलीत आणि या सहलीत एक मोठा फरक आहे. शाळेच्या सहलीला मुख्याध्यापकांची परवानगी लागते, पालकांची संमती लागते, मुलांची यादी असते, गाडीत चढताना आणि उतरताना मोजणी होते. तुम्हाला ती मोजणी कंटाळवाणी वाटते, हे मला ठाऊक आहे! खाजगी सहलीत मात्र जबाबदार असा कोणीच नसतो. चाचांना वाटते अब्बा बघतील, अब्बांना वाटते मोठा मुलगा बघेल. चालक गाडीजवळ झोपलेला असतो. आणि ज्या ठिकाणी आपण आलो आहोत, त्याची माहिती त्यांतील एकालाही नसते.

ते ठिकाण कसे असते, हे नीट समजून घेऊ. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीचे उदाहरण घ्या. सावंतवाडीहून घाट चढून गेले की सुमारे ६९० मीटर उंचीवर हे गाव लागते. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिकामे होतात. आंबोलीत वर्षाला सरासरी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हे पाणी वाहून न जाता साचले असते, तर दोन मजली घर त्यात बुडाले असते. एवढ्या पावसामुळे येथे सदाहरित वन वाढले आहे. जांभूळ, अंजनी, पिसा अशी झाडे एकमेकांना खेटून उभी असतात. खोडांवर शेवाळ असते, पायाशी कुजलेल्या पानांचा जाड थर असतो आणि त्यात जळवाही असतात. हे पानांचे अंथरूण स्पंजासारखे काम करते. पहिला पाऊस ते पिऊन टाकते. परंतु जुलै उजाडेपर्यंत हा स्पंज पूर्ण भिजलेला असतो. त्यानंतर पडणारा प्रत्येक थेंब सरळ ओढ्यात जातो.

म्हणूनच डोंगरातील डोहाची खरी गोष्ट डोहाजवळ उभे राहून कळत नाही. ती वर, डोंगरमाथ्यावर ठरते. आपण खाली हलक्या उन्हात डबा उघडून बसलेलो असतो आणि वरच्या पठारावर ढग फुटल्यासारखा पाऊस पडत असतो. तो आपल्याला दिसत नाही, ऐकूही येत नाही. काही मिनिटांत गुडघ्याएवढे पाणी कमरेएवढे होते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. त्यामुळे अंगापिंडाने मजबूत माणूससुद्धा गुडघाभर पाण्यात पाय टिकवू शकत नाही. उर्दूत ‘मौज’ म्हणजे लाट आणि मराठीत ‘मौज’ म्हणजे मजा. डोंगरातल्या ओढ्यात एका अर्थाचा दुसरा अर्थ व्हायला फार वेळ लागत नाही.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात हेच घडले. भुशी धरणाच्या मागे जंगलातून एक प्रवाह उतरतो. पुण्याहून एक मोठे कुटुंब एका दिवसाच्या सहलीसाठी तेथे आले होते. प्रवाहाच्या मधोमध खडकावर ते असताना पाणी वाढले. एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसे अनेकांनी नंतर मोबाइलवर पाहिली. काठावरही माणसे होती, पण त्या वेगात उतरणे कोणालाच शक्य नव्हते. पाच जण मरण पावले. त्यांत चार मुले होती. ती चित्रफीत पाहून काही लोकांनी त्या कुटुंबालाच मूर्ख ठरवले. मला ते मुळीच आवडले नाही. ते लोक मूर्ख नव्हते, अनोळखी होते. त्या ओढ्याची सवय त्यांना कोण सांगणार होते? त्यानंतर प्रशासनाने निर्बंध घातले, ते योग्यच होते. पण सह्याद्रीत असे ओढे हजारो आहेत, आणि प्रत्येक ओढ्यावर पोलीस उभा करता येत नाही.

गावचा माणूस मात्र प्रत्येक ओढ्याजवळ असतो. रायगड जिल्ह्यातील कातकरी आणि ठाकर, आंबोलीच्या बाजूचे धनगर, कोकणातील कुणबी शेतकरी ही माणसे लहानपणापासून हेच पाणी पाहत आलेली असतात. पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. ते पकडायला रात्रीबेरात्री ओढ्यात उतरणाऱ्या माणसाला पाण्याचा स्वभाव पुस्तकातून शिकावा लागत नाही. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पाने व काटक्या वाहून येऊ लागल्या, धबधब्याचा आवाज जड झाला, तर तो क्षणभरही थांबत नाही. आपण तेव्हा फोटो काढत असतो. कोणत्या डोहाचा तळ वाळूचा आहे आणि कोणत्याचा खडकाचा, हेही त्याला माहीत असते. कित्येक ठिकाणी प्रवाहात अडकलेले दगडगोटे भोवऱ्यात गरगर फिरतात आणि खडकाला खोल खळगे पाडतात. त्यांचा आकार रांजणासारखा असतो, म्हणून त्यांना रांजणखळगे म्हणतात. कुकडी नदीवर निघोज येथे ते पाहायला मिळतात. उन्हाळ्यात ते फार सुंदर दिसतात. पावसाळ्यात ते पाण्याखाली लपतात, आणि त्यांत पाय अडकला तर तो सहज निघत नाही.

येथे कोणी म्हणेल, “सर, आम्हाला पोहता येते. आम्ही खाडीत पोहतो.” छान गोष्ट आहे. पण समुद्राचे खारे पाणी शरीराला जास्त उचलून धरते. डोहाचे गोडे पाणी तितके धरत नाही. आणि धबधब्याच्या पायथ्याशी जो पांढरा फेस असतो, तो पाणी आणि हवा यांचे मिश्रण असतो. त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही. शिवाय वरून कोसळणारे पाणी तळाशी जाऊन परत फिरते आणि वर आलेल्या वस्तूला पुन्हा धबधब्याखाली ओढते. खोलीचा अंदाजही चुकतो. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही प्रकाशाचे अपवर्तन शिकला आहात. चार फूट खोल स्वच्छ पाणी वरून पाहिले तर तीनच फूट वाटते. पावसाळ्यात पाणी गढूळ असते, तेव्हा तर काहीच दिसत नाही.

वाटाड्याला उर्दूत आपण रहबर म्हणतो. रहबर हा किती मानाचा शब्द आहे! पण सहलीत आपण या माणसाशी कसे वागतो? गाडीची काच खाली करून “ए, धबधबा किधर है?” असे विचारतो आणि धूळ उडवत निघून जातो. त्याऐवजी उतरून, “काका, वर पाऊस आहे का? आज पाण्यात उतरावे का? आमच्याबरोबर याल का?” असे विचारायला काय हरकत आहे? त्याचा दिवस जातो, म्हणून त्याला योग्य मजुरी द्यावी. पंधरा-वीस माणसांच्या वर्गणीत ती रक्कम फार नसते. रायगड जिल्ह्यातील भिरा गावाजवळच्या देवकुंडाला जाताना गावातले वाटाडे सोबत घेण्याची रीत आहे. जंगलातून बराच वेळ चालून कुंडापर्यंत पोहोचावे लागते आणि वाटेत ओढे ओलांडावे लागतात. अशी रीत सगळीकडे पडली, तर गावातल्या तरुणांना पावसाळ्यात कामही मिळेल. पैसे दिले म्हणजे आपण मालक झालो, असे मात्र समजू नये. त्याने “आज नाही” म्हटले की आज नाही. मग देग काठावर उघडावी आणि पाणी डोळ्यांनी प्यावे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात बाबिंडा नावाचे एक छोटे गाव आहे. तेथेही घनदाट वर्षावन आहे आणि वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गावाजवळच्या ओढ्यात ग्रॅनाइटचे प्रचंड गोल खडक आहेत. वरच्या बाजूला एक शांत डोह आहे, तो पोहण्यासाठी मोकळा ठेवलेला आहे. खालच्या बाजूला खडकांमध्ये प्रवाह अरुंद होतो. तेथे आजवर अनेक तरुण बुडाले. त्या जागेचे नावच ‘सैतानाचा डोह’ असे पडले आहे. तेथे पोहायला मनाई आहे आणि तशा सूचनांचे फलक लावलेले आहेत. तेथेही कुंपण ओलांडणारे महाभाग निघतातच. पण सरकारने केवळ ‘येथे नको’ असे न सांगता ‘येथे चालेल’ हेही सांगितले आहे, आणि हेच मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे ‘येथे चालेल’ असा फलक मी अजून पाहिलेला नाही. ग्रामपंचायतींनी असे डोह ठरवावेत, तेथे दोरी आणि हवा भरलेली टायरची ट्यूब ठेवावी.

डोह आपल्या एकट्याचे नसतात, हेही गावचा माणूसच आपल्याला सांगू शकतो. आंबोलीजवळ हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. तेथील मंदिराच्या कुंडात एक लहानसा, रंगीत मासा राहतो. तो विज्ञानाला नवीन आहे, हे २०२० साली जाहीर झाले आणि त्याला नदीचेच नाव मिळाले. २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. एवढ्याशा कुंडात आपण साबणाचे हात धुतले किंवा उरलेले तेलकट अन्न टाकले, तर त्या माशाने जायचे कोठे? आपल्या देगा ओढ्यात घासण्याची सवय मला फार खटकते. त्या घरी नेऊन घासता येतात.

आता मुलींविषयी. धबधब्यावर मी नेहमी एक दृश्य पाहतो. मुलगे पाण्यात असतात आणि मुली दगडावर बसून चपला, पिशव्या व मोबाइल सांभाळत असतात. मग कोणाचा तरी लहान भाऊ घसरतो. त्याच्या सर्वांत जवळ त्याची आपाच असते, आणि तिला पोहता येत नसते. ती उडी मारते. एकाच्या जागी दोघे जातात. पोहणे ही मुलग्यांची मौज आणि मुलींना ते कशाला, असे म्हणणाऱ्या पालकांशी मी नेहमी वाद घालतो. बांगलादेशात गावच्या तळ्यात बांबूची चौकट बसवून लहान मुलामुलींना पोहणे शिकवण्याचा उपक्रम अनेक वर्षांपूर्वी सुरू झाला. त्यासाठी मोठा तरणतलाव लागला नाही. आपल्याकडे मुलींसाठी वेगळी वेळ, महिला शिक्षिका आणि अंगभर पोशाख ठेवला, तर बहुतेक घरांतून परवानगी मिळेल, असे मला वाटते.

बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी उडी मारण्याआधी दुसरे काय करता येते, हे तर पाण्याशिवायही शिकता येते. काठावर पालथे पडून काठी पुढे करायची. ओढण्या एकमेकींना गाठ मारून फेकायच्या. पाण्याचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून दोरीला बांधायचा आणि माणसाच्या पलीकडे फेकून हळूहळू ओढायचा. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरवला आहे, आणि तो आपल्या भर पावसाळ्यात येतो. त्या दिवशी शाळेच्या मैदानावर दोन खुणा करून घेऊ. एका खुणेवर एक मुलगी उभी राहील, दुसऱ्या खुणेवरून बाकीच्यांनी दोरीला बांधलेला कॅन तिच्यापर्यंत पोहोचवायचा. दोरी आणि पाच लिटरचा रिकामा कॅन प्रत्येक वर्गाने घरून आणावा.