ईदपुरता पाहुणा नको

मराठी बालसाहित्यात मुसलमान मूल येतं, नाही असं नाही. ते बहुधा ईदच्या दिवशी येतं. नायकाला शीरखुर्मा खायला बोलावतं, एकात्मतेचा धडा पुरा करतं आणि पुढच्या गोष्टीत दिसेनासं होतं. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत ते कुणाशी भांडतं, गणितात गटांगळ्या खातं का, दादीच्या बटव्यातले पैसे पळवतं का, हे कुणी विचारत नाही. फारूक काझींसारखे शिक्षक-लेखक हे चित्र बदलतायत, पण असे हात कमी आहेत.

गेली काही वर्षं मी ऑस्ट्रेलियातली मुलांची आणि किशोरांची पुस्तकं जमेल तशी मिळवून वाचतोय. दिंडोरीत बसून ऑस्ट्रेलिया कशाला, असं मित्र विचारतात. (द्राक्षवाल्यांना मी सांगतो की आपली थॉमसन सीडलेस तिकडे ‘सुलताना’ या नावाने ओळखली जाते. मग ते खूश होतात आणि विषय बदलतो.) खरं कारण वेगळं आहे. तिकडेही मुसलमान अल्पसंख्य आहेत, त्यांच्या नावाने राजकारणही चालतं, आणि तरीही मुसलमान मुलाला मध्यभागी ठेवणारी पुस्तकं तिथे लिहिली गेली आणि गाजली. ती कुठे जमली आणि कुठे फसली, हे आपण पाहायला हवं.

मॉरिस ग्लाइट्झमन यांचं ‘बॉय ओव्हरबोर्ड’ 2002 सालचं. त्याच्या आदल्याच वर्षी ‘टॅम्पा’ या नॉर्वेच्या जहाजाने समुद्रातून वाचवलेल्या 433 निर्वासितांना ऑस्ट्रेलियाने आपल्या किनाऱ्यावर उतरू दिलं नव्हतं. त्यांत बहुतेक अफगाण होते. पुस्तकातला जमालही अफगाण. त्याला आणि त्याच्या बहिणीला, बीबीला, फुटबॉलचं वेड. आईवडील चोरून शाळा चालवतात, म्हणून घर सोडावं लागतं. विषय एवढा जड, पण पोरगं दर चार पानांनी हसवतं. बीबी तर अशी तापट आहे की माझ्या ओळखीच्या चार मुली आठवल्या. हे पुस्तक मला मनापासून आवडलं. एक खटकतं: मुसलमान मुलाला पुस्तकात जागा मिळायला आधी त्याचं घर उद्ध्वस्त व्हावंच लागतं का?

रांदा अब्देल-फत्ताह यांचं ‘डझ माय हेड लुक बिग इन धिस?’ 2005 मध्ये आलं. लेखिका स्वतः मुसलमान. मेलबर्नची सोळा वर्षांची अमल पूर्णवेळ हिजाब घालायचं ठरवते. तिच्यावर कुणाची जबरदस्ती नाही, उलट तिचे आईवडीलच धास्तावतात. तिची मैत्रीण लैला मात्र वेगळ्या घरात वाढतेय. तिथे आईला लेकीच्या शिक्षणापेक्षा लग्नाची घाई. म्हणजे लेखिका बाहेरच्यांना ऐकवते आणि आपल्याच घरातलंही झाकत नाही. 2022 मध्ये कर्नाटकात कॉलेजांच्या दारात हिजाबवरून जे चाललं, तेव्हा मुलींबद्दल सगळे बोलत होते. मुली काय विचार करतात हे ऐकायची फुरसत दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना नव्हती. अमल तिनशेच्या वर पानं स्वतःच बोलते. जरा जास्तच बोलते, हा माझा आक्षेप. इस्लाम म्हणजे काय हे ती वाचकाला इतक्या वेळा समजावते की मध्येच ती मुलगी न राहता प्रवक्ती होते. आपल्यापैकी अनेकांना ही सवय शाळेतच लागते.

माझं सगळ्यात लाडकं पुस्तक जीनी बेकर यांचं ‘मिरर’, 2010 सालचं. सुरुवातीच्या छोट्या निवेदनानंतर त्यात शब्दच नाहीत. एकाच पुठ्ठ्यात दोन पुस्तकं आहेत: एक डावीकडून उघडतं, इंग्रजीसारखं, दुसरं उजवीकडून, अरबीसारखं. एका बाजूला सिडनीतलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला मोरोक्कोतलं. दोन्ही घरांचा एकच दिवस समोरासमोर उलगडत जातो. मोरोक्कोतला मुलगा वडिलांबरोबर घरी विणलेला गालिचा बाजारात विकायला नेतो, आणि तसाच गालिचा सिडनीतल्या घरात येऊन पडतो. कापड, लोकर, वाळू चिकटवून केलेली चित्रं आहेत, बोट फिरवावंसं वाटतं.

हे पुस्तक भाचीला दिलं तेव्हा ते कसं उघडायचं हे सांगावं लागलं नाही. तिची सकाळ मदरशात कायद्याने सुरू होते, तो उजवीकडून उघडतो. नंतर शाळेत बालभारती, ती डावीकडून. ही दोन वळणं तिच्या हातात बसलेली आहेत. ‘दोन संस्कृतींत अडकलेलं मूल’ वगैरे आपण मोठ्यांनी लिहायचं. तिला त्यात काही अडचण दिसली नाही. तिची तक्रार वेगळीच होती: “मामू, इकडच्यांना गाडी आणि तिकडच्यांना गाढव का?” प्रश्न बिनतोड आहे. मोरोक्कोतही शहरं आहेत, रेल्वे आहे. बेकरबाईंनी खेडंच निवडलं आणि आरशाचा एक भाग जुनाट ठेवला. तरी या पुस्तकातलं मुसलमान घर कुणाला काही पटवून देत नाही, कुणाची माफी मागत नाही, दिवस ढकलतं आणि संध्याकाळी एकत्र बसतं. मराठीत मला हे हवंय.

भाचीने केलं ते परीक्षणच होतं. ऑस्ट्रेलियात ‘चिल्ड्रन्स बुक कौन्सिल’ 1945 पासून आहे, तिचे पुरस्कार 1946 पासून. कुठलं पुस्तक का चांगलं, कुठे कमी पडलं, यावर तिथे मोठी माणसं गंभीरपणे वाद घालतात. आपल्याकडे मुलांच्या पुस्तकाला दिवाळीत चार ओळी मिळतात, त्यातला एक शब्द ‘संस्कारक्षम’ असतो. मुसलमान पात्र असेल तर ‘सामाजिक सलोखा’ जोडला की काम झालं. पात्र खरं उतरलंय का, अम्मी घरात अशी बोलेल का, हे तपासायला त्या घरातलाच वाचक लागतो, आणि तो लिहीत नाही.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने पुस्तकांच्या पेट्या लांबलांबच्या वाचकांपर्यंत पोचवल्या आहेत. आपल्या मोहल्ल्यात मुलांसाठी अशी एक पेटी फिरवणं अवघड नाही. पुस्तकांसोबत त्यात एक कोरी वही ठेवायची आणि पोरांना सांगायचं: काय खटकलं, ते आधी लिहा.