पॅरिसच्या पोटातलं गरम पाणी

मुलांनो, सुट्टीत कोकणात गेलात की तुरळ, राजवाडी किंवा उन्हवऱ्याच्या कुंडात तुमच्यापैकी काहींनी पाय बुडवला असेल. चटका बसतो ना? मग कुणीतरी म्हणतंच, "खाली ज्वालामुखी असणार!" छे! तिथे जागृत ज्वालामुखी मुळीच नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल उतरतं, तापतं आणि पुन्हा वर येतं.

आता पॅरिस बघा. तिथे ना ज्वालामुखी, ना मोठे भूकंप. जमीन कशी शहाण्या मुलासारखी गप्प! तरी दीड ते दोन किलोमीटर खोल चुनखडीच्या थरात गरम पाणी भरलेलं आहे. पृथ्वीच्या जन्मावेळची उष्णता अजून उरली आहे, शिवाय खडकांतलं युरेनियम, थोरियम सतत थोडी थोडी उष्णता सोडत असतं. घ्या पेन्सिल! वर १२ अंश, खाली दर किलोमीटरला सुमारे ३२ अंशांची वाढ. मग १.८ किलोमीटरवर किती? बरोबर, सत्तरच्या आसपास.

एवढ्याशा उष्णतेवर वीज करणं फारसं परवडत नाही. पण थंडीत घरं उबदार ठेवायला ती पुरते. पॅरिसजवळच्या मलँ गावात १९६९ साली त्यासाठी दोन विहिरी खोदल्या. दोन कशाला? पाणी भलतंच खारट, नदीत सोडायची सोय नाही. म्हणून एका विहिरीतून वर काढायचं, त्याची उष्णता पत्र्याआडून स्वच्छ पाण्याला द्यायची आणि गार झालेलं खारं पाणी दुसऱ्या विहिरीतून परत खाली. दोघींची तळाची टोकं मात्र लांब हवीत, नाहीतर गार पाणी गरम पाण्याला लवकर गाठणार!

१९७३ आणि १९७९ मध्ये खनिज तेल भयंकर महागलं, तेव्हा अशा विहिरींची धूम सुरू झाली. आणि मग घात झाला. पाण्यातल्या क्षारांनी आणि गंधकाच्या वायूने लोखंडी नळ खाल्ले, काही चोंदले. काही विहिरी चक्क बंद कराव्या लागल्या. शेवटी बारीक नळीने गंज रोखणारं औषध थेट तळाशी सोडायची युक्ती निघाली. आज त्या भागातली लाखाहून जास्त घरं या पाण्यावर ऊब घेतात.

तुम्ही म्हणाल, आपल्याला घर तापवून काय करायचंय? खरंय. पण मासे किंवा आमसुलं वाळवायला साठ-सत्तर अंश भरपूर झाले. आभाळ भरून आलं की अंगणातली सोलं उचलायला आजीची किती धावपळ होते, ते तिलाच विचारा.