दुभाषा खिशात, तरी जर्मन शिकणे अटळ

विशेष प्रतिनिधी

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार करून सुमारे १० हजार कुशल कामगार तेथे पाठविण्याचे ठरविले. त्यांना जर्मन शिकविण्याची जबाबदारीही राज्याने स्वीकारली. मात्र, बोललेले वाक्य मोबाइल क्षणार्धात जर्मनमध्ये सांगत असताना महिनोन्‌महिने व्याकरण कशाला घोकायचे, असा प्रश्न इच्छुक तरुणांना पडणे स्वाभाविक आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी परदेशातील सुरुवातीचा काळ सुसह्य केला, हे नाकारता येणार नाही. जर्मनीत सरकारी कार्यालये आणि विमा कंपन्यांचा बराच व्यवहार आजही टपालाने येणाऱ्या पत्रांवर चालतो. अशा पत्राचे छायाचित्र काढले की त्याचा आशय कळतो आणि उत्तराचा मसुदाही तयार मिळतो. दुकानात, रेल्वे स्थानकावर किंवा घरमालकाशी बोलताना एवढे पुरते.

कायद्याचा प्रश्न आला की मात्र ही सोय अपुरी पडते. जर्मन प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याच्या कलम २३ नुसार सरकारी कामकाजाची भाषा जर्मन आहे. परभाषेतील कागदपत्रांसाठी कार्यालय अधिकृत भाषांतरकाराचे भाषांतर मागू शकते. सरकारी निर्णयावर हरकत घेण्याची मुदत सर्वसाधारणपणे एक महिन्याची असते. यंत्राने एखादी अट चुकीची सांगितली आणि मुदत हुकली, तर नुकसान अर्जदारालाच सोसावे लागते.

सर्व भाषांना यंत्राचा लाभ सारखा मिळत नाही, ही दुसरी अडचण. रुग्णालयातून घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या सूचनांच्या गूगल भाषांतराचा अमेरिकेतील एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्पॅनिश भाषांतर ९४ टक्के, तर आर्मेनियन अवघे ५५ टक्के अचूक आढळले. ज्या भाषेतील मजकूर संगणकाला कमी मिळतो, तिच्या वाट्याला चुका अधिक येतात. मराठी माणूस मग इंग्रजीचा आधार घेतो. परंतु आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखाच भेद जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’ या शब्दांत असताना, इंग्रजीच्या वळणाने जाताना नेमका तोच पुसला जातो. वरिष्ठांशी बोलताना ही चूक महागात पडू शकते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा प्रगतीचा. परिचारिकेला व्यवसायाच्या मान्यतेसाठी सामान्यतः बी-२ पातळीचे जर्मन यावे लागते. ब्लू कार्डधारकाला बी-१ पातळी गाठल्यास २१ महिन्यांत, तर ए-१ वर थांबल्यास २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. नागरिकत्वासाठीही बी-१ आवश्यक आहे. या परीक्षांना मोबाइल बाहेर ठेवूनच बसावे लागते.

म्हणूनच यंत्र उपलब्ध आहे या सबबीखाली भाषाप्रशिक्षणात काटकसर करणे राज्याला परवडणारे नाही. उच्चारांचा सराव आणि पत्रलेखन यांसाठी यंत्राला वर्गात अवश्य आणावे. पण रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या परिचारिकेला तिचे जर्मन स्वतःलाच बोलावे लागणार आहे.